टिंब

शहापूरच्या खडेबाजारात
माझं दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, आणि त्यामागं मी.
पाटीवर बाबांचं नाव. खाली तेच कन्नडात,
दुसऱ्या पेंटरनं लिहिलेलं, जरा मोठं.

दुपारी लोंढ्याहून एकजण आला,
रुमालाची गाठ सोडली. एचएमटी पायलट, काळी डायल.
"वडील रेल्वेत पॉइंट्समन होते.
बेंगळूरचं एक गिऱ्हाईक हाय.
सगळं ओरिजिनल असलं तर पाच हजार म्हणतंय,
न्हाईतर बाराशे. तुम्ही बघून सांगा की ओ."

डोळ्याला भिंग लावलं.
भिंग लावलं की समोरचा माणूस दिसत नाही,
त्याचा श्वास तेवढा काचेवर येतो.

डायल रंगवलेली.
अक्षरं भिजवलेल्या पोह्यांसारखी फुगलेली,
पाचाची रेघ पाचाला सोडून केसभर पुढं.
आकड्यांतलं रेडियम हिरवंगार,
काट्यांतलं करपून तपकिरी.
एका घरातली माणसं एकाच उन्हात म्हातारी होतात,
ही झाली नव्हती.
सेकंदकाटा कडेच्या रेघांपर्यंत पोचत नाही,
गाडी चुकलेल्यासारखा अलीकडंच घुटमळतो;
कुठल्या तरी जनताचा काढून घातलेला.
चावीचं बोंड जाड, नंतरचं.

"डायल नाही," मी म्हणालो. "सेकंदकाटा नाही. चावी नाही."
प्रत्येक 'नाही'ला तो मान हलवत होता,
जसं काही मी त्याच्या बापाच्या मातीला
न आलेल्यांची नावं वाचतोय.

मग मागचं झाकण उघडलं.
आतल्या बाजूला, जिथं घालणारा कधी बघत नाही,
सुईनं कोरलेल्या खुणा.
एक कन्नड आकड्यांत, हुबळीकडच्या कुणाची असेल.
एक नुसतीच फुली.
आणि तीन ठिकाणी: भ. आ.
भरमाजी आष्टेकर.
त्यांचा भ मी कुठंही ओळखीन, पोट उघडं राहिलेला.
तिसऱ्या तारखेच्या पुढं एक टिंब.

म्हणजे डायल आमच्याच टेबलावर बदललेली.

माळ्यावर बिस्किटांचे डबे आहेत.
बाबा काही टाकत नसत.
काढलेलं प्रत्येक निपाणीच्या बिडीबंडलाच्या कागदात,
वर घड्याळाचा नंबर, पेन्सिलीनं.
चौथ्या डब्यात सापडली.
अक्षरं बारीक, मुंगीच्या पायांसारखी नेमकी,
रेघेसमोर रेघ.
पण चारच्या आकड्यापाशी रंग उठून फोड आलेला,
तिथून गंज सहापर्यंत उतरलेला.

त्यानं दोन्ही तळव्यांवर घेतली.
"इदे री," म्हणाला. "नम्म अप्पंदु."
तोवर आम्ही मराठीतच बोलत होतो.
तिनईघाटाजवळ दरड आलेली, कंदील धरून रात्रभर पाण्यात उभे,
डावा हात वर, असा.
त्यानं हात वर केला. मनगट मोकळं होतं.

मीही कन्नडातच विचारलं, परत बसवू का?
काटा आणि चावी शोधली तर
पाच नाही, चार हजार तरी येतील.

त्यानं बराच वेळ हिशेब केला.
रस्त्यावरून बँडवाले गेले, नुसते, न वाजवता.
मग डायल कागदात गुंडाळून
शर्टाच्या खिशात घातली, वरून हात ठेवला.
"घड्याळ जाऊ दे बाराशेला," परत मराठीत.
"काय काय बदललंय ते चिठ्ठीवर लिहून द्या.
चालू करून द्या तेवढं."

पेट्रोलनं धुतलं, तेलाचे पाच थेंब.
चाक थरथरलं, धरलं त्यानं.
झाकणाच्या आत, बाबांच्या खाली,
माझी अक्षरं कोरली, आजची तारीख.

तो पैसे शोधत होता. पँटच्या खिशात,
मग रुमालात, मग पुन्हा पँटच्या खिशात.
शर्टाच्या खिशाला हात लावत नव्हता.
परतीच्या भाड्याच्या नोटा बाजूला काढल्या,
उरलेली चिल्लर काचेवर मोजायला लागला.

"राहू दे," मी म्हणालो.

आणि सुई अजून हातात होती.
तारखेच्या पुढं टेकवली,
थोडी दाबली.